बोटवाले पणजोबा रामदास बोटीत नव्हतेच का? (जुने कागद वाचणाऱ्यांची मदत हवी)

चरईकर
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या घरात एका पणजोबांना नावानं कुणी ओळखत नाही. सगळे त्यांना 'बोटवाले' म्हणतात. अलिबाग तालुक्यातलं गाव, नोकरी लालबागच्या गिरणीत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात आमचे हे. प्रेत मिळालं नाही. पणजी दोन लेकरं घेऊन ठाण्याला भावाकडे आली आणि आम्ही ठाणेकर झालो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट एवढीच.

गेल्या दिवाळीत मनात आलं की पोरांसाठी हे नीट लिहून ठेवावं. कागद शोधायला लागलो आणि गोष्टच उसवली. आतापर्यंत हाती आलेलं सांगतो.

आजोबांचा ठाण्याच्या नगरपालिका शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. प्रवेश जून १९४८. जन्मतारीख १ जून (अर्थात! त्या काळी अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मायचा). पालकाच्या रकान्यात मामाचं नाव. इथवर सगळं जुळतं.

मग गावच्या जमिनीचा फेरफार (हक्क बदलल्याची तलाठ्याकडची नोंद) मिळाला, वारसाचा. मंजुरी १९५६ ची. त्यात लिहिलंय, खातेदार 'सुमारे ८ वर्षांपूर्वी मयत'. म्हणजे १९४८?

आणि कहर म्हणजे दुय्यम निबंधकांकडची सूची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी. पणजोबांनी तीच जमीन ३०० रुपयांना गहाण ठेवली आहे. नोंदणीची तारीख ३ नोव्हेंबर १९४७.

जुलैत बुडालेला माणूस नोव्हेंबरात जमीन गहाण कशी ठेवतो?

घरच्या ग्रुपवर टाकलं तर चुलतभावाने लगेच निकाल दिला: "बुडाले-बिडाले काही नाहीत. पळाले असतील. मुंबईत दुसरा संसार केला असेल." तसं त्यांच्या घरात आधीपासून बोललं जातंच की आमच्या पणजीने जमीन गहाण टाकून घालवली. ती असती तर चार शब्द सुनावले असते. आता ते काम माझ्याकडे आलंय.

---

घंटाळीकर
चुलतभावाला दंडवत. दुसरा संसार करायला निघालेला माणूस जाता जाता गावची जमीन रीतसर गहाण ठेवून जातो होय?

---

रेवसकर
आमच्या आळीतल्या दोन घरांतली माणसं रामदासवर होती. गटारीचा दिवस, वर भाताची लावणी तोंडावर, त्यामुळे मुंबईतले चाकरमाने गावाकडे निघालेले. बोट खच्चून भरलेली. चढलेला प्रत्येक जण प्रवाशांच्या यादीत होता असं समजू नका. यादीत नाव नाही म्हणून माणूस बोटीत नव्हता, असा हिशेब इथे करता येत नाही.

एक विचारतो, राग मानू नका. पणजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला करता?

---

चरईकर
@रेवसकर, गटारीला. म्हणजे आषाढ अमावास्येला. अख्खं ठाणे मटणाच्या दुकानापुढे रांग लावतं तेव्हा आमच्याकडे वरण-भात आणि अळूची भाजी. लहानपणी फार राग यायचा याचा.

---

रेवसकर
मग हाही कागदच की. माणूस परागंदा झाला असता तर बायकोने तिथी धरली नसती, कपाळावरचं कुंकू ठेवलं असतं. गेलेल्याची तिथी माहीत नसली की सर्वपित्रीला पान वाढतात. तुमच्याकडे नेमकी तिथी आहे, तीही बोटीची.

---

घंटाळीकर
वकिली करायची म्हणून करतो. बोटीची गोष्ट आधी पसरली आणि तिच्यावरून तिथी ठरली, असंही होऊ शकतं की. तिथी पाळणारे आणि गोष्ट सांगणारे एकाच घरातले. दोन साक्षीदार धरू नका, एकच आहे.

---

चरईकर
हा मुद्दा रात्रभर डोक्यात फिरणार आता. धन्यवाद (दात-ओठ खाऊन).

---

तलाठीबुवा
३४ वर्षे तलाठी आणि मंडळ अधिकारी म्हणून काढली, आता कळव्यात निवांत. फेरफारावर बोलतो.

फेरफारातली मयताची तारीख हा मृत्यूचा पुरावा समजू नका. कुणीतरी चावडीवर येऊन वर्दी दिली, तलाठ्याने विचारलं "कधी वारले?", तो म्हणाला "झाली की सात-आठ वर्षं", तलाठ्याने टाकला 'सुमारे'. आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. 'सुमारे' दिसलं की दोन वर्षं इकडे, दोन तिकडे धरायची.

तुम्ही विचारायला हवं ते वेगळंच. १९५६ मध्येच का? नऊ वर्षं कुणाला वारस लावायची आठवण झाली नाही आणि एकदम त्याच साली झाली? १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कुळकायद्याने त्या दिवशी कसणारा कूळ मालक होणार होता. त्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात जमीनवाल्यांची कागद सरळ करायची जी धावपळ झाली, ती जुन्या फेरफार वह्यांत स्पष्ट दिसते. मेलेल्यांची नावं तेव्हा कमी झाली.

आता दोन गोष्टी बघून सांगा. वर्दी देणारा कोण? आणि वारसांच्या नावापुढे आखूड अक्षरं काय आहेत, अ.पा.क. की ए.कु.मॅ.?

---

चरईकर
काका, तुम्ही अंतर्ज्ञानी आहात का? वर्दी पणजोबांच्या थोरल्या भावाची. त्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' आहे. आजोबांचं नाव खाली, 'अ.पा.क. आई', पण पणजीचं नाव कुठेच नाही. मी ए.कु.मॅ. ही पदवी समजत होतो, मॅट्रिकसारखी.

---

तलाठीबुवा
हा हा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन सगळ्यांची, कारभार एकाच्या नावावर. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. मूल अज्ञान म्हणून आईने त्याच्या वतीने पाहायचं. कागद असा बोलतो: थोरला दीर मॅनेजर झाला, तुमची पणजी नुसती 'आई' म्हणून उरली. पुढे ती जमीन विकली कुणी, तेवढं बघा.

---

चरईकर
पुढच्या फेरफारात आहे. १९७१, खरेदीखत. विकणारा तोच, ए.कु.मॅ. म्हणजे चुलतभावाचे पणजोबा.

ग्रुपवर अजून टाकलेलं नाही.

---

बेलापूरपट्टी
वाचतेय, आणि पोटात कालवाकालव होतेय. आमचं गाव नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या त्या ९५ गावांतलं. १९७० नंतर जमिनी गेल्या, १९८४ च्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि मग गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. त्या भूखंडांसाठी प्रत्येक घराला वंशावळ लिहून द्यावी लागली. सगळ्या गावाने एकदम आपले पूर्वज शोधले असतील तर ते तेव्हा. हौस कसली, प्लॉटसाठी.

आमच्या वंशावळीत आजोबांना बहीणच नाही. मी तिच्या मांडीवर वाढले! कुणी हक्कसोड करून घेतलं, कुणी नुसतंच नाव गाळलं. तुम्ही पुरुषांच्या नावांमागे चालत राहिलात तर या बायका सापडणार नाहीत. त्या 'आई', 'विधवा', 'बहीण' अशा शब्दांत लपलेल्या असतात.

अवांतर: जुन्या नोंदी शोधताना जिल्हा 'रायगड' टाकू नका, १९८१ पूर्वीचं सगळं 'कुलाबा' म्हणून आहे. माझे दोन दिवस यात गेले.

---

कोर्टनाका
उशिरा आलो, तारखा होत्या. मूळ कोड्याकडे वळूया. ३ नोव्हेंबर ही *नोंदणीची* तारीख. दस्त लिहून दिल्याची तारीख काय आहे? सूचीत दोन्ही असतात, वेगवेगळ्या.

नोंदणी कायदा १९०८ चा. दस्त लिहून दिल्यापासून चार महिन्यांत हजर करायचा असतो. म्हणजे जुलैत लिहिलेला कागद नोव्हेंबरच्या सुरुवातीला नोंदवला तर त्यात वावगं काहीच नाही. शंभर रुपये आणि वरचं गहाण नोंदवल्याशिवाय उभंच राहत नाही, त्यामुळे तीनशे देणारा सावकार कागद नोंदवणारच.

आणि लिहून देणारा मधल्या काळात वारला तर? त्याचा वारस येऊन "होय, हा दस्त त्यानेच लिहून दिला" अशी कबुली देतो. सूचीत 'लिहून देणार' म्हणून नाव मयताचंच राहतं. तुम्ही सूचीतलं किती उतरवून आणलंत?

---

चरईकर
नाव, सर्व्हे नंबर, रक्कम, नोंदणीची तारीख. बाकीचे रकाने सोडले. खिडकीवर मागे रांग होती, माझीच घाई. कपाळावर हात मारून घेतलाय. बुधवारी रजा टाकतो.

---

मोडीवेडा
जाताच आहात तर दस्ताची नक्कल मागा. मोडीत असली तर फोटो इथे टाका, बघतो. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, कागद सपाट करून. तिरप्या फोटोवरून मोडी वाचायला सांगणाऱ्यांनी माझं एक वर्षाचं आयुष्य कमी केलंय.

---

चरईकर
जाऊन आलो. मुद्दाम भाऊच्या धक्क्यावरूनच गेलो, रो-रोने. तासाभरात मांडवा. आजूबाजूला लोक वडापाव खात रील काढत होते. मी कठड्याला धरून पाण्याकडे बघत बसलो. बायको म्हणाली, बस लागत नाही, बोट लागते होय तुम्हाला?

सूचीतली तारीख: लिहून दिली १४ जुलै १९४७. नोंदणी ३ नोव्हेंबर.

१४ जुलै सोमवार होता, १७ ला गुरुवार. तीन दिवस.

नक्कल लगेच मिळाली नाही, जुनं पुस्तक काढून ठेवतो म्हणाले. पण तारीख पुरे आहे. @कोर्टनाका साहेब, तुम्हाला तळावपाळीवर भेळ लागू.

---

घंटाळीकर
मीही वकिलपत्र मागे घेतो. जवळपास. पण ते नोव्हेंबरात वारले होतेच, हे अजून सिद्ध कुठे झालंय? स्वतः हजर राहिले असतील तरी सूची हीच दिसेल.

---

कोर्टनाका
बरोबर. त्याचं उत्तर दस्ताच्या पाठीवर. हजर कोण झालं आणि कबुली कुणी दिली, ते निबंधक तिथे लिहितो.

पण नकलेची वाट कशाला बघता? गहाण पुढे फिटलं का? फिटलं असेल तर सावकार मूळ दस्त परत देतो. म्हणजे मूळ कागद तुमच्याच घरात असायला हवा. पणजीची ट्रंक, पेटी, डबा असं काही कुणाकडे आहे?

---

चरईकर
अंगावर काटा आला हे वाचून. आत्याआजी (पणजोबांची मुलगी, वय ८३) खारेगावला असते. तिच्याकडे एक हिरवी ट्रंक आहे, लग्नाचे फोटो असतात तीत. उद्या जातो.

---

चरईकर
मिळाला.

ट्रंकेत नव्हता. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, लाल फडक्यात, जुन्या रेशनकार्डाच्या घडीत. आत्याआजी म्हणाली, "आईचा कागद आहे, तिने फाडायचा नाही सांगितलेलं." काय लिहिलंय ते तिलाही माहीत नव्हतं. आम्ही गेली सत्तर वर्षं त्याच्यावर उदबत्त्यांची राख पाडतोय.

पुढची बाजू बाळबोध (देवनागरी) आहे, वाचता आली. मुक्काम मुंबई, भातलावणीस व घरखर्चास रुपये तीनशे रोख पावले. खाली पणजोबांची सही. सही! आम्ही त्यांना अंगठाबहाद्दर समजत होतो. अक्षर तिसरीतल्या मुलासारखं, आडव्या रेघेबाहेर गेलेलं, पण सही.

मागची बाजू मोडी वाटते, शिक्क्यामुळे अर्धं झाकलंय. फोटो टाकलेत. @मोडीवेडा, सपाट आहेत, फ्लॅश नाही.

---

मोडीवेडा
फोटो उत्तम. जेवायचं थांबवून वाचलं.

मोडीत शब्द तोडत नाहीत. आधी लांब रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. त्यामुळे शिक्क्याखालचं दोनदा चुकलो. आता खात्री आहे.

वरचा मजकूर नोंदणीच्या वेळचा. लिहून देणार मयत. त्याची विधवा, वय सुमारे २६, धंदा शेती, दस्त नवऱ्याने लिहून दिल्याचं कबूल करते. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ओळख पटवणारे दोघे, दोघे तुमच्याच गावचे.

खालचा मजकूर वेगळ्या हाताचा, वेगळ्या शाईचा. मुद्दल आणि व्याज मिळून भरून पावलो, कागद परत दिला. तारीख मे १९५५. पैसे *कुणाकडून* पावले तेही लिहिलंय: त्याच विधवेकडून, 'हस्ते खुद्द', म्हणजे तिने स्वतःच्या हाताने दिले.

---

कोर्टनाका
हे जरा समजून घ्या मंडळी. पोरं पदरात, नवरा चार महिन्यांमागे बुडालेला. आणि बहुधा ते तीनशे रुपयेही त्याच्याबरोबरच. अशा बाईने कबुली नाकारली असती तर सावकाराला कागद सिद्ध करायला नाकीनऊ आले असते. असे खटले मी चालवलेत. ती अलिबागला गेली आणि अंगठा उठवून आली.

---

तलाठीबुवा
आणि फेडलं १९५५ ला, वारस लागला १९५६ ला. म्हणजे जमीन मोकळी झाल्यावर मग थोरल्याने ए.कु.मॅ. म्हणून नाव लावलं. बोजा होता तोवर कुणी आलं नाही. मी यावर जास्त बोलत नाही, तुमच्या घरातली गोष्ट आहे. कोर्टात जायचं मनात असेल तर आवरा, मुदत कधीच गेली.

---

चरईकर
नाही हो काका, जमिनीचं काय करायचंय आता.

काल परत खारेगावला गेलो, सगळं वाचून दाखवायला. पैसे घरी आलेच नाहीत, एवढं आत्याआजीने आईच्या तोंडून ऐकलेलं. कर्जाचं तिला ठाऊक नव्हतं. पण मे महिना ऐकल्यावर म्हणाली, "मे म्हणजे कांदा." पांढऱ्या कांद्याच्या माळा. पणजी दर उन्हाळ्यात गावाकडून माळा आणायची आणि जांभळी नाक्यावर बसायची. मामा ओरडायचा, मी पोसतोय ना, रस्त्यावर कशाला बसतेस. ती उत्तर द्यायची नाही. माळा खांद्यावर घेऊन निघायची, आणि ही पोरगी मागे एक माळ सांभाळत. संध्याकाळी पैसे मोजून एका डब्यात. आत्याआजीला वाटायचं, आपल्या लग्नासाठी साठवतेय.

मग तिने अंगठ्याचा ठसा बघायला मागितला. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फोनवर मोठा करून दिला. ठशाच्या मधून एक तिरपी पांढरी रेघ जाते. मला वाटलं होतं कागदाला घडी पडली असेल.

"भात कापताना विळा लागलेला," आत्याआजी म्हणाली. "नख पण तिकडे वाकडं उगवायचं." आणि स्वतःचा डावा अंगठा धरून तिने मला ती जागा दाखवली.

---

बेलापूरपट्टी
मी ऑफिसात आहे आणि वॉशरूममध्ये जाऊन आले.

---

घंटाळीकर
माझं काही म्हणणं नाही. ग्रुपवर टाकलंत का?

---

चरईकर
टाकलं. फेरफार, सूची, दस्ताच्या दोन्ही बाजू, सगळं. वर एक शब्द लिहिला नाही. दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही. आज सकाळी चुलतभाऊ स्वतः घरी आला, पेढे घेऊन. बसला, कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हा असा ठेवू नकोस, फाटेल, मी नीट करून आणतो.

---

मोडीवेडा
नीट करून म्हणजे?? लॅमिनेट करायला दिलाय का? थांबवा त्याला! गरम प्लॅस्टिकमध्ये जुनी शाई आणि कागद दोन्ही जातात, परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. सुती कापडात, सपाट, अंधारात ठेवा. स्कॅन मात्र आजच काढा.

---

चरईकर
फोन केला. गोखले रोडच्या सिग्नलला होता, कागद डिकीत. उलटा फिरलाय.